रकाना चौदा

आयोगाची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी पोटाशी,
आणि मी बोटीत, माशांच्या रिकाम्या खोक्यावर.
एन्टेबीची विमानं दिसेनाशी झाली तेव्हापासून
नुसतं सरोवर.
बोटीच्या टोकाला एक पाणकावळा,
आम्हाला मोजत असल्यासारखा.

काम सोपं आहे, साहेब म्हणाले होते.
देशात सिनेमा दाखवतात कुठे, टीव्ही बघतात किती,
खुर्च्या, तिकिटाचे शिलिंग, त्यावर पोट भरणारी माणसं.
बेटंसुद्धा सोडायची नाहीत, नाबुकेन्या.
मग एक जाड पुस्तक निघेल, त्यात आलेख असतील.
आलेखांवर साहेबांचा फार जीव.

बेटावर एकच हॉल, पत्र्याचा.
मागे वाळत घातलेली चांदीसारखी बारीक मासळी,
त्यामुळे आतल्या प्रत्येक प्रेमकथेला तोच वास.
मालक सेबुन्या. डाव्या हाताला तीनच बोटं,
तरी तिकिटं भराभर फाडतो.

खुर्च्या किती?
"बाकं आहेत. फुटक्या होडीच्या फळ्यांची."
दररोज सरासरी प्रेक्षक?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी सरोवराचा भाव विचारला.
"बाई, अमावस्येला इथे मी आणि जनरेटर.
अंधारात दिव्यावर मासळी येते, गाव सगळं पाण्यात.
पुनवेला मासळी दिव्याला भुलत नाही.
तेव्हा या, आणि पाय ठेवायला जागा शोधा."
फॉर्मात चंद्राला जागा नव्हती.
मी तीस रात्रींनी भागलं. चौतीस पूर्णांक सहा.
एवढी माणसं तिथे एकदाही जमली नसतील.

नेमकी त्या रात्री पुनव. थांबले.

पडद्यावर कुठल्याशा देशातली मारामारी,
तिथली भाषा कुणालाच येत नाही, यायची गरजही नाही.
कोपऱ्यात उलट्या बादलीवर कयेम्बा,
माइक ओठांना चिकटलेला.
नायक तोंड उघडतो, बोलतो कयेम्बा,
लुगांडात, आमच्या घरच्या लुगांडात.
खलनायकाला त्याने नाव दिलंय
गेल्या महिन्यात जाळी जप्त करून नेणाऱ्या अधिकाऱ्याचं.
गोळी लागलेला गुंडसुद्धा मरता मरता सांगतो
की नालोंगोच्या दुकानातली उधारी राहिली.
मग एक बाई येते, हातात काळी ब्रीफकेस,
आणि कयेम्बा आवाज बारीक करतो:
"मी एन्टेबीहून आले. बॉम्ब राहू द्या बाजूला.
आधी सांगा, खुर्च्या किती?"

हॉल फुटला. पत्रा थरथरला.
पुढच्या बाकावरची पोरं मागे वळून मलाच बघत राहिली,
आणि मी, सरकारी ओळखपत्र गळ्यात,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

सकाळी एक प्रश्न उरला होता. कामगार.
तिकीटविक्रेता, यंत्रचालक, सफाई, पहारेकरी.
कयेम्बा यातला कुणी नाही.
"मी बोलतो," तो म्हणाला, दात घासत. "लिहा, बोलतो."
चौदावा रकाना, 'इतर'. दीड इंच.
मी त्यात त्याचं अख्खं काम बसवलं,
उधारीसकट, बादलीसकट,
अक्षर मुंगीएवढं झालं आणि शेवटी समासात गेलं.

मुख्य कचेरीत यंत्राने ते परत केलं.
चौदाव्यात फक्त अंक चालतो.

पुस्तक निघालं, निळं, आलेखांचं.
पान दोनशे बारा. बेटे. इतर: १.

एक प्रत मी बोटीने पाठवली.
सेबुन्याचा फोन आला, मागे जनरेटरचा धडधडाट:
या पुनवेला पिक्चरचा पेनड्राइव्ह बोटीतच भिजला,
तेव्हा कयेम्बाने तुमचं पुस्तक उघडलं माइकसमोर.
पडद्यावर काही नाही, नुसता उजेड,
आणि तो तक्ते वाचत सुटला, पान एकोणीसपासून.
चौतीस पूर्णांक सहाला, बाई,
तुम्ही इथे असायला हवं होतं.