गुडघे धरून

मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडात,
दोन इमारतींच्या मधल्या बोळात उन्हाला जागा नाही.
तिथल्या बालवाडीत, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर
आम्ही दोघी.
माझ्या मांडीवर लॅपटॉप,
तिच्या मांडीवर दोनशे पानी वही, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली.

मी विचारते, ती सांगते.
गोळ्या सरकारच्या. वजनकाटा देणगीतला.
खोलीला भाडं नाही, मंडळानं दिली.
पंखा बिघडलेला दिसतोय, लिहू?
"नको. तो आम्ही यायच्या आधीपासून बिघडलाय."

टीबीचा एक पेशंट बरा व्हायला किती रुपये लागले,
एवढंच काढायचंय मला.
साधा भागाकार.
वर खर्च, खाली माणसं.

मग आला रकाना ड: स्वयंसेविकांचा वेळ.
मागच्या पाहणीत तिथे शून्य होतं.
सरोज घाटविसावे, पाच वर्षं, चार इमारती,
सात-सात मजले, लिफ्ट उद्घाटनापुरती चाललेली:
शून्य.

म्हटलं, तुमच्या तासाची किंमत काय लावू?
ती हसली.
"धुण्याभांड्याच्या रेटनं लावा, मॅडम.
नाहीतर आमच्या मिस्टरांच्या रेटनं लावा,
ते बसूनच असतात."

वही चाळायला दिली तिनं.
इद्रिस, सहावा मजला, जरीकाम. रिकाम्या पोटी गोळ्या, उलटी. केळी सहा, माझी.
इद्रिस घरी नाही.
इद्रिस घरी नाही. आई खोटं बोलते.
इद्रिस भेटला, दाराआड होता. केळी सहा, माझी.
अशी अठरा वेळा केळी.
मग एका तारखेला, लाल पेनानं, थुंकी निगेटिव्ह.
आणि त्याच पानाच्या तळाला, बारीक अक्षरात,
जणू दुसऱ्याच कुणाचं असावं तसं:
डावा गुडघा. शेक.

रात्री घरी मी तिचा तास लावला. केळी लावली.
मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी,
गुडघेही धरले.
आकडा चढत गेला मजल्यामजल्यानं
आणि ज्या रेषेच्या खाली राहिलं तर पुढच्या वर्षी पैसे मिळतात
तिच्या वरच्या पायरीवर जाऊन
धापा टाकत उभा राहिला.

खरं लिहिलं तर कार्यक्रम महाग.
शून्य लिहिलं तर ती फुकट.
ह्या दोन इमारतींच्या मधल्या बोळात
मी आठवडाभर बसून आहे.

काल तिचाच फोन.
मागे जिन्याचा आवाज, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
"काय मॅडम, स्वस्तात पडलो ना आम्ही?"
निकालाआधीच पास झालेल्या पोरीचा आवाज.
म्हटलं, बघतेय अजून.
"बघा बघा," म्हणाली, "मी जरा चढते."

त्या दिवशीचा चहा तिनंच पाजला होता.
दोन कटिंग, वीस रुपये.
ते मी अजून कुठेच धरलेले नाहीत.