दोन वह्या

जानेवारीत हाचिनोहेला साडेचारलाच अंधार होतो.
कुमागाई-सान धक्क्याच्या बाजूने आले,
बुटांवरचा बर्फ दारातच आपटून झाडला
आणि काउंटरवर वही ठेवली.

इथे ज्याची त्याची औषधांची वही असते.
दिलेल्या गोळीची चिठ्ठी मी तीत चिकटवते.
माणूस चार डॉक्टरांकडे जातो,
त्या चौघांची गाठ पडते ती
या पानांवरच.

आज पाठीसाठी नवी गोळी होती, जालीम.
चाळीस वर्षं माकूळ ओढून मणका झिजलेला.
वही उघडली तर
आत जन्मसाल वेगळं,
शेवटच्या पानावर झोपेच्या गोळ्या, अठ्ठावीस,
नाव फुसाए.

"ही त्यांची," मी म्हटलं.
"असं होय," ते म्हणाले. "दोन्ही एकाच खिशात असतात."

फुसाए-सान ऑक्टोबरात गेल्या.
मी उदबत्ती लावून आले होते.

मग मी विचारलं,
जे कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नाही:
त्यातल्या किती उरल्यात?

ते काचेबाहेर बघत राहिले.
"नऊ."
आणि बऱ्याच वेळाने,
"तिचं अंथरूण अजून घालतो.
एक घेतली की तिकडे बघावं लागत नाही."

काय सांगणार होते मी?
की एक गोळी पाठीला म्हणते, गप्प.
दुसरी डोक्याला म्हणते, गप्प.
दोघींनी मिळून म्हटलं
की छातीसुद्धा ऐकते.
रात्री दोनच्या सुमारास श्वास सावकाश होतो,
मग आणखी सावकाश,
आणि शेजारी हलवून जागं करायला
कुणी नसतं.

शेवटचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

डॉक्टर साताकेंना फोन लावला. बारा मिनिटं वाट.
तोवर कुमागाई-सान बाकावर बसून
मागच्या वर्षीचं मासेमारीचं वेळापत्रक वाचत होते.
गोळी बदलून मिळाली, साधी.
"झोपेचंही त्यांच्याशी बोला," म्हटलं.
त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचा डबा घेऊन आले.
ओतला. मोजल्या. आठ.
"काल रात्री एक. पाठीची नाही घेतली,
विचारू नका."

नाही विचारलं.
त्यांनी तिची वही पुढे सरकवली,
"यात काही लिहायचं असतं का?"

असा नियम नाही.
तारीख घातली, खाली लिहिलं:
परत मिळाल्या, आठ.
शिक्का मारला.

शाई वाळेपर्यंत ते उभे राहिले,
मग दोन्ही वह्या
त्याच खिशात.