दोन चौकट

मंगळवार. हार्लिंगेन, चर्चमागचा हॉल.
रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे,
बंदरातून बेटाकडे निघालेल्या शेवटच्या बोटीचा भोंगा,
आणि अकरा टेबलांवर ती शांतता
जिला आम्ही खेळ म्हणतो.

इथे तोंडाने बोलत नाहीत.
डब्यातून बोलीचं कार्ड काढायचं, ठेवायचं.
कसं ठेवलं यावरूनही भिडूला काही कळू द्यायचं नाही.
उसासा टाकणं ही चोरीच.

विबेने उघडलं: एक नो ट्रम्प.
डाउवे, माझा भिडू, पास.
सीत्स्केने ठेवलं: दोन चौकट.

आता, दोन चौकट म्हणजे चौकट नव्हे.
माझ्याकडे बदाम आहेत, पाच तरी आहेत,
पण ते तू बोल,
म्हणजे डाव तुझ्या हातून खेळला जाईल
आणि तुझी मोठी पानं झाकलेली राहतील,
एवढं सगळं त्या एका कार्डात.
पायरी खालची बोलायची, वरची समजून घ्यायची.
एकतीस वर्षं ही दोघं अशीच बोलत आलीत.

आणि अर्थ कुणी विचारलाच
तर सांगायचा भिडूने.
जिची बोली तिने गप्प बसायचं,
आपण काय म्हणालो ते
दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं.

निळं अलर्ट कार्ड डब्यातच राहिलं.
मी पास. विबेने हिरवा पास ठेवला,
कडेला कड लावून, नीट,
पोस्टात पाकिटं रचायचा तसा.

उतारी माझी.
मी विचारलं, देवाशपथ, निव्वळ सवयीने विचारलं,
"दोन चौकट म्हणजे?"

विबे हसला.
"चौकट. आणखी काय असणार?"

नियमाच्या पुस्तकात आहे:
भिडूने चुकीचा अर्थ सांगितला आणि डाव तुमचा झाला
तर पहिलं पान पडायच्या आत तुम्ही तो दुरुस्त करायचा.
मोठ्याने. टेबलावर.
त्याच्यादेखत.

सीत्स्केने एक पान हाताच्या या टोकाचं
काढून त्या टोकाला लावलं.
"आजपासून," ती म्हणाली,
"आमच्यात चौकट म्हणजे चौकट."

डाउवे छताकडे बघायला लागला.
डायरेक्टरला हाक मारायचा हक्क होता मला.
पण चाळीस वर्षं मी औषधाच्या काउंटरमागे काढली,
कुणाच्या पिशवीत काय आहे
ते माहीत असूनही हवेबद्दल बोलत.
मी किलवरची सत्ती उतरले.

विबेने डमी मांडली. हुकूम म्हणून
उजव्या हाताला चौकट: तीनच पानं,
पण कशी ऐटीत.
बदामाचा एक्का, राजा, पंजी.
सीत्स्केने त्या बदामांकडे पाहिलं
स्टेशनात न थांबता गेलेल्या गाडीकडे बघावं तसं.

तिच्या हातात चौकटीचं एकच पान निघालं.
बदाम सहा.
बदामाच्या राजावर मी दुरी मारली,
साधी चौकटीची दुरी,
आणि हात ओढताना
मजा आली. तेही सांगायला हवं.

तीन हात कमी पडले.
"चौकटी वाईट वाटल्या गेल्या होत्या," विबे म्हणाला.
"हो ना," ती म्हणाली. "फारच वाईट."

पुढच्या मंगळवारी त्यांच्या कार्डावर
सगळ्या संकेतांवर निळ्या पेनाने रेघ होती,
एकेका ओळीवर वेगळी,
फुटपट्टी न वापरता.
खाली तिच्या अक्षरात: जे बोलू, तेच.
शेवटून दुसरी आली.

साडेदहाला खुर्च्या उचलताना
विबे दाराच्या चौकटीत उभा.
"माझी छत्री दे गं."

इथल्या वाऱ्यात छत्री कुणी वापरत नाही.
त्यानेही कधी वापरली नाही.
सीत्स्केने रेडिएटरवरून टोपी उचलली, पुढे केली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली.
घातली.
"हीच," म्हणाला.