माह्यं घर नाही म्हन्ते

"सर, हे मशीन म्हन्ते का माह्यं घरच नाही."
सुनंती पेंदोर, वायरमन ट्रेड, पहिलं वर्ष,
पडद्याकडे बोट करून उभी.
मी वाचलं. खरंच म्हणत होतं.
नाव बरोबर, पासवर्ड बरोबर,
आत ये म्हणालं, आणि मग
बसायला जागाच नाही.

मुकुटबनच्या आयटीआयमध्ये चौदा मशीन आहेत.
माझ्या आधीच्या कोणी तरी त्यांना नद्यांची नावं दिली:
अडाण, अरुणावती, वाघाडी, खुनी...
आणि स्टोअररूममध्ये, लेथच्या लोखंडी किसाच्या पोत्यांमागे,
ओल लागू नये म्हणून विटांवर ठेवलेली
पैनगंगा.
सगळ्यांची घरं तिच्या पोटात.

पूर्वी असं नव्हतं.
ज्यानं पहिल्या दिवशी ज्या मशीनवर फाइल ठेवली
तो वर्षभर त्याच खुर्चीला चिकटायचा.
खुनी बंद पडली तेव्हा
भोजराज टेकामचं आख्खं सहामाहीचं काम घेऊन पडली.
तीन दिवस तो तिच्यासमोर जाऊन बसत होता,
आजाऱ्याजवळ बसतात तसा.

मग यादी एका ठिकाणी आणली.
प्रवेशाचं रजिस्टर उघडून एकशे बारा नावं,
आत्राममध्ये एक टी की दोन
हे ज्याचं त्याला विचारून.
नावं झाली. घरं राहिली.
घरं मी हातानं बांधत होतो:
एक फोल्डर, त्यावर मालकाचं नाव, त्याला कुलूप.
रोज संध्याकाळी पाच-सहा.
आणि स्पॉट राउंडवाले येतच होते.

एका रविवारी अडाणला सांगून पाहिलं:
कोणी नवं आलं की तूच बांध.
परवानगी नाही, पैनगंगा म्हणाली.
मी तर रूट. या मशीनवर माझ्या वर कोणी नाही.
दुपारभर चाळल्यावर कळलं,
तारेच्या पलीकडे गेलं की
इथल्या रूटचं नाव पुसलं जातं.
तिथे तो 'कोणी नाही'.
अक्षरशः तसंच लिहिलेलं असतं.
मला हसू आलं. अकरा महिन्यांचा करार माझा,
जिल्ह्याच्या कचेरीत हजेरीपटावर शोधलं तर
माझंही असंच काहीसं निघतं.

हा नियम मोडता येतो. एक शब्द बदलायचा.
मी नाही बदलला.
एका मशीनला सगळ्यांच्या घरात जाऊ द्यायचं
म्हणजे त्या मशीनसमोर जो बसेल त्याला.

म्हणून आता असं आहे:
सुनंती नाव टाकते.
अडाण निरोप धाडते, कोणी तरी आलंय.
पैनगंगा स्वतःच, स्वतःच्या जमिनीवर, जागा आखते,
सांगाड्यातल्या तीन फायली आत ठेवते,
मालकी सुनंतीच्या नावे करते,
तेव्हा कुठे अडाण त्या दारापर्यंत वाट जोडते.
एवढ्यात छताचा पंखा फार तर दोन फेरे मारतो.

बाहेरून डोकावलं तर गल्ली रिकामी.
नाव घेऊन हाक मारली तरच दार दिसतं.
दहा मिनिटं आत कोणी नसलं
तर वाट आपोआप सुटते, घर तिथेच राहतं.
हे पोरांना पटवायला आठवडा गेला.

मंगळवारी अडाणचा माउस गेला
म्हणून ती वाघाडीवर बसली.
कालचीच फाइल उघडली:
दोन खोल्यांचा वायरिंगचा नकाशा,
तीन पॉइंट, एक पंखा, ओसरीला दिवा,
मीटरची जागा अजून कोरी.
"आलं का?"
"आलं." मग थोडं थांबून,
"पन सर, आमी पास झाल्यावर
हे घर पाडता का?"

पाडायचं की ठेवायचं, ठेवलं तर किती दिवस,
त्याची एक ओळ लिहावी लागते.
चारला लाइन जाते,
म्हणून फाइल आधी जतन केली,
ती ओळ न लिहिताच.