अँसेल्मचा हात

पतपेढीचा हिशेब साडेपाचला मिटतो.
नऊपर्यंत भांडी, फोन, उद्याचे पोहे निवडणं.
मग मी टेबलावरचं मेणकापड उलटं घालते.
उलट्या बाजूला फुलं नाहीत,
सोंगट्या घसरत नाहीत.

नकाशा उघडतो. षटकोनांचा मुलूख,
कुठलातरी थंड देश. त्यातली नावं जिभेवर बसेनात,
म्हणून मी माझी ठेवली:
हे सावर्डे, हे केपे, हा डोंगर धारबांदोड्याचा,
इथे पुलाला ऐंशी जादा, कारण ही जुवारी.
कुडचडे मी मधोमध घेतलं.
कुणी हरकत घ्यायला नव्हतं.

नियमांची चोपडी अठ्ठावीस पानी.
समासात अँसेल्मची पेन्सिल, रोमी अक्षरांत:
हांगा सांबाळ.

तो खाणीवर पोकलेन चालवायचा,
मी वजनकाट्यावर पावत्या फाडायची.
खाण बंद पडली तेव्हा त्याच्याकडे
आजोबांचा पोर्तुगीज जन्मदाखला निघाला,
माझ्याकडे भविष्यनिर्वाह निधीचा नंबर.
तो स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो.
खोका इथे. दवर गो, हांव येतां, म्हणाला होता.
तिकिटाचे एकवीस हजार मी दिले,
वहीत लिहिले नाहीत.

खुर्च्या दोन.
त्याची पाळी आली की मी उठून पलीकडे बसते.
माझ्याच जागेवरून त्याचे शेअर उचलले
तर लबाडी होते. कुणाशी, ते विचारू नका.

लाभांश वाटला की भाव एक घर उजवीकडे,
राखला की डावीकडे.
इतकं सरळ आमच्या पतपेढीतही नाही.
आणि गाड्या: कुणी नवं इंजिन घेतलं
की सर्वांत जुनी सगळी त्या क्षणी गंजतात.
गंजतात, असाच शब्द आहे.
तिळामळच्या रस्त्याला उभे टिपर
निदान पावसाळा तरी घेतात गंजायला.

आज त्याच्या खुर्चीत बसले
आणि मला दिसलं, त्याला काय दिसलं असतं ते.
त्याच्या लाल कंपनीचं म्हातारं इंजिन
त्याच्याच हिरव्या कंपनीच्या गळ्यात मारायचं,
तिची तिजोरी खरवडून.
मग हिरवीचे शेअर बाजारात सोडायचे,
म्हणजे अध्यक्षपद आपोआप दुसऱ्या मोठ्या भागधारकाकडे.
दुसरी मोठी भागधारक मी.
मग लालने नवं इंजिन घ्यायचं. बस्स.

थांबता आलं असतं.
घरात पाल सोडली तर कुणी जागं नव्हतं.
पण त्याने हे केलंच असतं,
जिभेचं टोक दातांत धरून, माझ्याकडे न बघता.
मी केलं.

मग इकडच्या खुर्चीत येऊन पाहिलं:
तिजोरी रिकामी, इंजिन भंगार,
आणि अध्यक्षाने नवी गाडी पदरच्या पैशांनी घ्यावी, पान एकवीस.
'चांडाळा!' मी मोठ्याने म्हणाले,
आणि इतकी हसले की वरच्या बिऱ्हाडातून खाट करकरली.

निळ्या कंपनीचे शेअर विकले. पिवळीचेही.
तरी चाळीस कमी.
खेळाडूने खेळाडूला पैसे देऊ नयेत,
हा नियम त्याच पानावर, खाली.
त्यापाशी पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह.
इतक्या रात्री ते मला आजच दिसलं.

पुलावरून कोळशाची मालगाडी गेली.
टेबल थरथरलं, भावाच्या सोंगट्या
अर्धं-अर्धं घर सरकल्या.
मी त्या जागेवर लावल्या नाहीत.
फोटो काढून पाठवला: दिवाळं. तू जिंकलास.
तिथे आत्ता संध्याकाळ, तो बूट घालत असेल.

मग नोटा बँकेच्या डबीत मोजून भरल्या.
बारा हजार. सवयीने
दोनदा मोजल्या.