एकोणतीस पूर्णांक शहात्तर

पुस्तकात लिहिलंय : तळहातावर ठेवा, वितळेल.
पुस्तक लिहिणारा मे महिन्यात
अमळनेरला आलेला नसावा.

पार्सल फोडलं तेव्हा लॅबमध्ये बेचाळीस होतं.
पंखा तीच झळ ढवळत होता
आणि दहा ग्रॅम गॅलियम
बाटलीत आधीच डचमळत होतं.
"मॅडम, हा तं पाराच!" मागच्या बाकावरून.
पारा नव्हे. पारा काचेला धरत नाही,
हे धरतं, आरसा होऊन बसतं.

सुपडूने परीक्षानळीत ओतलं, नळी माठात बुडवली.
माठाचं पाणी सव्वीसवर,
म्हणजे नियमाने गोठायला हवं.
गोठलं नाही.
गोठायला त्याला
आपल्यातलाच एखादा कण लागतो, आधी थिजलेला.
ओतताना एक थेंब सुपडूच्या डब्याच्या झाकणावर सांडला होता.
ॲल्युमिनियमचं झाकण. दुसऱ्या दिवशी
बोट लावलं तिथे खारीसारखं मोडलं.

तोवर मी फळ्याशी गोष्ट सांगत होते :
एका माणसाने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला
आणि ॲल्युमिनियमच्या खालचं घर रिकामं सोडलं.
राहणारा कुणी पाहिला नव्हता,
तरी त्याचा अणुभार सांगितला, घनता सांगितली,
नावही ठेवलं : एका-ॲल्युमिनियम.
एका म्हणजे एक. आपलंच, संस्कृतातलं.
इथे पोरं वर बघतात, दरवर्षी.
चार वर्षांनी, भलत्याच देशात, भलत्याच माणसाला
जस्ताच्या खनिजात दोन जांभळ्या रेघा दिसल्या.
त्याने घनता काढली, चार पूर्णांक सात.
तर पहिल्याचा निरोप : पुन्हा मोजा,
धातू शुद्ध नसेल.
ज्याने तो डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, त्याचा निरोप!
मोजली. पाच पूर्णांक नऊ.

दाराशी फडकं घेऊन उभा सुपडू म्हणाला,
"मनं बी तसंच शे, मॅडम.
मना आगोदर तीन गयात.
मायनी ठरायी ठेयेल व्हतं, आते व्हयना तं सुपडामा टाकसूत.
नाव पयले, पोऱ्या मांगून."
कुणी हसलं नाही. तास संपला.

डिसेंबरात पेपरात आलं, पारा नऊवर.
सकाळी कुलूप काढलं तर सुपडू टेबलाशी ताठ.
"मी हात बी लावा नही."
नळी उभी तडकलेली. आत
निळसर झाक असलेली कांडी, कडक, टोकदार.
पाण्यासारखंच हेही गोठताना पसरतं,
जागा मागतं, काच देत नाही.

त्याला म्हटलं, घ्या हातावर.
नुकतीच फरशी पुसलेले हात, गार, घट्टे पडलेले.
मिनिट गेलं. दोन गेली.
पुस्तक खोटं पडतंय की काय.
मग मुठीच्या खालच्या बाजूला
काहीतरी चकाकलं.
तो मूठ उघडेना.

ब्रेकेज रजिस्टरमध्ये लिहिलं :
परीक्षानळी, एक.
कारणाच्या रकान्यात : थंडी.
प्राचार्यांनी त्याखाली लाल शाईने
प्रश्नचिन्ह काढलंय. अजून तसंच आहे.