खोडरबर नाही

होग्नीने पहिल्याच मंगळवारी सांगून टाकलं,
इथे खोडरबर नाही.
तळव्याएवढा चौकोनी कागद, एक काळं पेन,
आणि चुकलात तर पुढे जा.

मी म्हटलं, मला चित्र येत नाही.
शाळेत माझी मेंढी पाहून
मास्तरांनी विचारलं होतं, हे टेबल कोणाचं?
तो हसला नाही.
टिंब येतं? विचारलं त्याने. आडवी रेघ? वाकडी? गोल?
मग येतंय की सगळं.

आम्ही सात जण, क्लाक्सविकच्या वाचनालयाच्या तळघरात,
बाहेर दुपारी तीनलाच रात्र.
तोर्किल, ज्याची बोट विकली गेली.
सुन्निवा, जिला डॉक्टरने पाठवलंय
झोप लागावी म्हणून.
आणि मी, रान्वा,
मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
एकच एक काप:
डोक्यामागून शेपटीकडे, काट्याला घसटून.
तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं
की हा सराव आहे.

पहिला महिना नुसत्या रेघा.
एकीखाली एक, एकीखाली एक,
शिवायचं नाही एकमेकींना.
शिवल्या.

मग खवले.
प्रत्येक अर्धगोल मागच्या दोघांच्या खांद्यांवर.
इथे मी जरा भाव खाल्ला,
मला कोण शिकवणार खवले?
पण कागदावरचे खवले सुरीने निघत नाहीत,
ते आधी यावे लागतात.

मनगट दुखायचं. पेन थरथरायचं.
होग्नी म्हणाला, थरथर लपवू नका, ती तुमची सही आहे.
मी म्हटलं, सही नाही, संधिवात आहे.
त्यावर मात्र सुन्निवा इतकी हसली
की तिचा गोल बटाटा झाला,
आणि तिने त्या बटाट्याभोवती
अजून चाळीस बटाटे काढले.

विजेच्या बिलाच्या पाठीवर, पावाच्या कागदी पिशवीवर,
कुठेही गिरवत बसायचे मी.
कोपनहेगनहून बहिणीचा फोन.
काय करतेस?
काही नाही.
आणि हे पहिल्यांदाच खरं होतं.
हाताला वळण लागतं म्हणतात,
ते लागलं असावं अशाच कुठल्या तरी बिलावर,
मला न कळवता.

मार्चमध्ये एका सकाळी बस चुकली.
थांब्यावर मी एकटी, समोर खाडी,
खाडीपलीकडे पांढरं काहीच नाही.
मग धुकं खालून वर गुंडाळत गेलं,
ओल्या चटईसारखं,
आणि कुनॉयचा डोंगर पायापासून दिसू लागला.
काळ्या कातळाचे आडवे थर,
मध्ये बर्फाची फट, पुन्हा थर,
एकीखाली एक, एकीखाली एक,
शिवत नव्हत्या एकमेकींना.

एकसष्ट वर्षं हा माझ्या खिडकीत होता
आणि मी त्याला "डोंगर" म्हणून
गप्प बसवलं होतं.

पिशवीत चौकोन होता. पेन होतं.
मी डोंगर काढला नाही,
मी फक्त रेघा काढल्या, समोर होत्या तशा,
जिथे ओघळ होता तिथे रेघ तोडली,
जिथे गवत होतं तिथे टिंबं, दाट, मग विरळ.
बोटं गारठली. शाईचा थेंब पडला,
गोल, ऐन उतारावर.
खोडरबर नाही.
त्याला चार पाय दिले.
आता विचारा, टेबल कोणाचं.

तीन चतुर्थांश झालं असेल, तेवढ्यात
धुकं परत उतरलं, आणि बस आली.

मंगळवारी होग्नी कागद हातात धरून
बराच वेळ उभा होता.
वरचा भाग?
दिसला नाही, मी म्हटलं.

तोर्किल वाकून बघत होता.
वर एक घळ आहे, म्हणाला,
पश्चिमेचा वारा सुटला की
तिथलं पाणी खाली पडतच नाही,
उलटं उडतं.
समुद्रावरून पाहिलंय मी, किती वेळा.
आणि त्याचं जाड बोट
माझ्या कागदाच्या वर, हवेत,
ते पाणी उडवू लागलं.

मी कागद ओढून घेतला.
तुझ्या चौकोनावर काढ, म्हटलं.
पेन त्याच्याकडे सरकवलं.